चारशे सतरावा नमुना

१

सोमवारी सकाळी साडेदहाला माझ्या धाकट्या जावेनं एकोणीस नंबरचं कपाट उघडलं, फोल्डरची नाडी सोडली, आतले कागद एकदा मोजले, पुन्हा मोजले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "वहिनी, माझं झाड नाहीये."

"नीट बघ. दुसऱ्या कागदाला चिकटलं असेल."

"मी तिसऱ्यांदा मोजतेय."

मी हातातलं काम खाली ठेवलं. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. आज सत्तरी उलटून गेलीय आणि सकाळी चष्मा कुठे ठेवला ते दुपारी आठवत नाही, पण तिचा तो आवाज जसाच्या तसा कानात आहे.

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या झाडांचा संग्रह होता. एक लांबलचक खोली, चाळीस कपाटं, नव्वद हजार नमुने आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. तो वास माझ्या साड्यांना असा बसला होता की बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावायची. माझं काम नमुने तयार करण्याचं. वाळलेलं झाड जाड कागदावर मांडायचं, देठ दोऱ्यानं टाचायचे, पानं खळीनं चिकटवायची. खळ मी रोज कोपऱ्यातल्या शेगडीवर शिजवायची. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात झाडाच्या नावाची चिठ्ठी असे. पुढे एखाद्या जाणकाराला ते नाव चुकीचं वाटलं तर त्यानं आपली चिठ्ठी खाली लावायची, सही-तारखेनिशी. आधीची मात्र कोणी काढायची नाही, मग ती कितीही चुकीची असो. त्या खोलीचा तो धर्मच होता.

धाकटी तिथेच पीएचडी करत होती. सहा वर्षं. एका कड्याच्या कपारीत तिला लहानसं कंदाचं झाड सापडलं होतं. वर्षातून चार दिवस फुलायचं, आणि आजवर कोणीच त्याची नोंद केली नव्हती. नव्या झाडाला नाव द्यायचं तर पुरावा म्हणून एक वाळवलेला नमुना संग्रहात लागतो. नमुना नाही तर नाव नाही. तिच्याकडे फुलासकट असा एकच होता, चारशे सतरावा. दुसरा आणायची सोय उरली नव्हती. त्या कड्याची आता खडी झाली होती आणि कुठल्याशा रस्त्याखाली गेली होती.

तिचा प्रबंध एकदा परत आला होता. दुसऱ्यांदा नापास झाला असता तर तिसरी संधी नव्हती. बाहेरच्या परीक्षकबाईंनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं : नमुना मी स्वतः पाहीन, मगच सही करीन. तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, शुक्रवारी होती.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. त्याच्या किल्ल्या तीन, आणि त्यातली एक माझ्या पर्समध्ये होती.

२

गाइडसरांना रक्तदाबाचा त्रास. बातमी ऐकून ते आधी बसले, मग उठले, मग पुन्हा बसले.

"मंगळवारी मी आणि ही, आम्ही दोघांनी मिळून पाहिला होता नमुना. आज सोमवार. मधल्या सहा दिवसांत कपाट कोणी उघडलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही?"

"जावेचं वाटोळं करून मला काय मिळणार, सर?"

"मी तसं म्हटलं नाही."

"पाहिलंत मात्र तसंच."

दुसरी किल्ली मामांकडे होती. मामा म्हणजे आमचे संग्रहाचे शिपाई. कोणी नमुना मागितला की काढून द्यायचा आणि संध्याकाळी परत जागेवर लावायचा, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. त्यांना झाडांतलं काही कळत नव्हतं, पण चिठ्ठीवरचं लांबलचक परकं नाव अक्षर-अक्षर जुळवून वाचायचे आणि बरोबर त्या फोल्डरमध्ये कागद घालायचे. फोल्डरच्या नाडीला ते चपटी, दुहेरी गाठ मारत. एकोणीस नंबरमधल्या त्या फोल्डरला सकाळी तीच गाठ होती, ती मी पाहिली होती.

"मामा, बाहेरचं कोणी आलं होतं?" गाइडसरांनी विचारलं.

"नाही साहेब. बाहेरचं कोणी नाही."

"मग तुम्ही कुठे चुकीच्या जागी तर नाही लावला?"

मामांचा चेहरा पडला. "साहेब, या खोलीत एकही कागद चुकीच्या जागी नाही. एक जरी निघाला तर उद्यापासून येत नाही मी."

तिसरी किल्ली गाइडसरांच्या टेबलाच्या खणात. त्या खणाला कुलूप नव्हतं.

घरी जाताना मी आठवडा मनात उलगडून पाहिला. मंगळवारी काही नाही. बुधवारी थोरले सर आले होते, नेहमीसारखे. हा संग्रह त्यांनीच उभा केला. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी दर बुधवारी यायचे. आमच्या गाइडसरांचेही ते गुरू. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप टेबलाऐवजी हवेत ठेवला आणि सगळा चहा माझ्या साडीवर सांडला. मला म्हणाले, "माफ कर हं, तू इथे बसलेली दिसली नाहीस." वय झालं, म्हटलं मी. दोन वाजता मी पुतणीला डॉक्टरकडे न्यायला लवकर निघाले. गुरुवारी थोरले सर लेकीकडे गेले, कशासाठी ते न सांगता.

घरी सासूबाई धाकटीच्या मुलीला भरवत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "सहा वर्षं एका झाडामागे! तेवढ्यात मी तीन पोरं चालती-बोलती केली." आणि लगेच, "कोणी नेलंय ते शोध गं मोठे. ही पोर जेवलेली नाही."

मंगळवारी सकाळी मामांनी मला बाजूला घेतलं. "बाई, काल बोललो नाही. गुरुवारी दुपारी एकोणीस नंबरपाशी बगळ्याला पाहिलं मी. हातात किल्ली होती."

३

बगळा म्हणजे धाकटीच्या बरोबरीचा संशोधक. उंच, मान लांब, एका पायावर भार टाकून उभा राहायचा. त्याचा विषय त्याच गटातली झाडं. त्याच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण होतं की या भागात त्या गटातलं नवीन काही उरलेलं नाही. धाकटीचं झाड नवं ठरलं तर त्याचं प्रकरण आडवं होणार, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्याला एकटं गाठणार होते, पण धाकटी माझ्याआधी पोचली.

"कुठे ठेवलंयस?"

"काय?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. किल्ली कुठून आणलीस?"

बगळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "काकू, हिला सांगा ना."

"मी काय सांगू? गुरुवारी तू तिथे होतास की नव्हतास?"

"होतो." त्यानं पाय बदलला. "सरांच्या खणातून किल्ली घेतली. विचारलं असतं तर सरांनी दिली नसती. मला ते झाड एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. माझं प्रकरण जाणार की राहणार, तेवढं कळलं असतं. पण फोल्डरमध्ये ते नव्हतंच."

"खोटं!"

"मला वाटलं, तूच घरी नेलंस माझ्या भीतीनं. म्हणून गप्प बसलो."

"चोर तो चोर, वर शिरजोर," धाकटी म्हणाली आणि निघून गेली. बगळा तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

मी त्याला एकच विचारलं. "फोल्डरची नाडी कशी बांधलेली होती?"

"चपटी. दोन फेऱ्यांची. सोडताना माझं नख तुटलं." त्यानं नख दाखवलं. "नंतर मला तशी बांधता येईना. म्हणून साधा फास मारून ठेवला."

"साधा फास?"

"हो. का?"

सोमवारी मी चपटी गाठ पाहिली होती. म्हणजे मधे मामांनी आपली गाठ पुन्हा मारली होती. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "शुक्रवारी फिरताना एक फोल्डर भलताच बांधलेला दिसला. नीट केला. माझ्या खोलीत असली गाठ?"

बगळा खरं बोलत होता. तो आला तेव्हा फोल्डर मामांच्या गाठीत होता आणि नमुना आधीच गेलेला होता. मंगळवार ते गुरुवार दुपार, एवढ्याच वेळात. आणि त्याआधी फोल्डर शेवटचा बांधला होता मामांनी. एकतीस वर्षं ही खोली सांभाळणाऱ्या माणसावर संशय घेणं माझ्यानं होईना.

४

बुधवारी सकाळी खळ ढवळताना मला ब्रश आठवला.

ब्रश संध्याकाळी धुऊन उलटा उभा करून ठेवायचा, ही माझी जन्माची सवय. गेल्या बुधवारी दोनला निघतानाही मी तो धुतला होता. गुरुवारी सकाळी आले तर ब्रश लाकडासारखा कडक. मी मामांवर ओरडले होते, ते म्हणाले होते मी हात लावला नाही, आणि मी विसरून गेले होते.

म्हणजे माझ्यामागे कोणीतरी काहीतरी चिकटवलं होतं. ज्या वेळात नमुना गेला, त्याच वेळात.

पण चोराला खळ कशाला लागते? चोर घेऊन जातो. चिकटवत बसत नाही.

त्या खोलीत माझ्याखेरीज दुसरं कोण काय चिकटवतं? झाडं तर कोणीच नाही. चिठ्ठ्या मात्र जाणकार माणसं चिकटवतात. मी शेगडी बंद केली आणि मामांसमोर जाऊन बसले.

"मामा, गेल्या बुधवारी एकोणीस नंबर उघडलं होतं का?"

"उघडलं होतं की."

"सोमवारी सरांना का नाही सांगितलंत?"

"साहेबांनी विचारलं, बाहेरचं कोणी आलं का. थोरले सर म्हणजे बाहेरचे?" मामांना खरंच कळेना. "ही खोली त्यांची आहे, बाई."

"त्यांनी काय मागितलं?"

"त्या पोरीचं झाड दाखव म्हणाले. दिलं. बराच वेळ बोटं फिरवत बसले. संध्याकाळी टेबलावर चार कागद होते, ते मी लावून टाकले."

"कुठे लावलेत?"

"जिथले तिथे. चिठ्ठीवर जे नाव, त्या जागी."

"कुठल्या चिठ्ठीवर?"

"शेवटच्या. नेहमी शेवटचीच बघायची असते ना?"

सोमवारपासून आम्ही सगळे त्यांना विचारत होतो, चारशे सतरा कुठे आहे. मामा नंबरावर लावतच नव्हते, नावावर लावत होते. एकही कागद चुकीच्या जागी नाही, हे त्यांचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. जागाच बदलली होती.

"मामा, आठवा. त्या चारांतला एखादा लांब लावला होतात?"

मामांनी गुडघा चोळला. "एक होता. एकतिसाच्या अगदी वर. स्टुलावर चढलो, म्हणून दुखतोय अजून."

५

एकतीस नंबर कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे निराळ्याच घराण्यातली झाडं. धाकटीला काय, कोणालाच तिथे शोधायचं सुचलं नसतं. मी स्टुलावर चढले. वरच्या फोल्डरमध्ये पाच जुने, पिवळे कागद होते, आणि सहावा माझ्या हातचा. चारशे सतरा! माझ्या दोऱ्याचे टाके मी अंधारातही ओळखीन.

जीव भांड्यात पडला. मी तिथूनच हाक मारली, धाकटी धावत आली, तिनं कागद छातीशी धरला, मग टेबलावर ठेवला. आणि तिचा चेहरा उतरला.

कोपऱ्यात नवी चिठ्ठी होती. जांभळी शाई, ओळी चढउतार करणाऱ्या. "हे झाड नवे नाही. चाळीस वर्षांपूर्वी मीच याला नाव दिले आहे. पाने तीच." खाली थोरल्या सरांची सही.

त्या विषयात थोरल्या सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. परीक्षकबाईंनी ती चिठ्ठी वाचली की संपलं.

गाइडसर आले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि दार लावून घेतलं. "बाई, खळ वाफेनं सुटते ना?"

"सुटते."

"कागदावर डाग?"

"माझ्या हातून नाही पडणार."

"मग दोन मिनिटांचं काम आहे. ते लेकीकडे आहेत. कोणाला कळणार नाही."

मी खरं सांगते. मी किटली शेगडीवर ठेवली होती. मला त्या खोलीचा धर्म माहीत होता. पण न जेवता बसलेली पोरही माझीच होती.

पाणी आवाज करू लागलं, तेव्हा धाकटीनं हात लांबवून शेगडी बंद केली.

"नको वहिनी. चिठ्ठी राहू दे."

"अगं, सहा वर्षं!"

"म्हणूनच. आणि सर, ते चुकले असतील तर मला सिद्ध करता आलं पाहिजे. बरोबर असतील तर मला पदवी कशाला हवी?"

गाइडसरांनी स्वतःचं भिंग काढून तिच्यापुढे सरकवलं.

दोन दिवस ती एकतीस नंबरमधल्या त्या पाच जुन्या कागदांवर ओणवी होती. पानं खरोखर जुळ्या भावंडांसारखी. पण जुन्या पाचही झाडांच्या कंदाची साल गुळगुळीत, हिच्या झाडाची जाळीदार. जुन्यांच्या फुलात पुंकेसर सहा, हिच्या फुलात तीन. गुरुवारी चार वाजता तिनं आपली चिठ्ठी लिहिली. साल आणि पुंकेसर यांबद्दल दोन ओळी, आणि शेवटी : "पानांवरून असे वाटणे साहजिक आहे." मी ती जांभळ्या चिठ्ठीखाली चिकटवली.

"पण वहिनी," ती म्हणाली, "तीन आणि सहा हा फरक थोरल्या सरांना दिसू नये? ते तर चालत्या गाडीतून झाडं ओळखायचे."

मला हवेत ठेवलेला चहाचा कप आठवला. आणि "दिसली नाहीस" हे बोलणं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. पुढच्या सगळ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसल्या. चढउतार ओळी. फिरणारी बोटं. कशासाठी जातो ते न सांगता गेलेला माणूस.

"अगं," मी म्हटलं, "त्यांना दिसतच नाहीये."

६

परीक्षकबाई ठेंगण्या, केस पांढरे कापसासारखे, स्वतःचं भिंग गळ्यात. नमुना नेऊन देणं माझं काम, म्हणून मी दाराशी उभी राहिले आणि मला कोणी जा म्हटलं नाही. बगळा शेवटच्या रांगेत होता. परीक्षा सुरू होणार, तेवढ्यात मामा थोरल्या सरांचा हात धरून आत आले आणि त्यांना बगळ्याशेजारी बसवलं. सरांच्या डोळ्यांवर काळा चष्मा.

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता.

बाईंनी दीड तास प्रश्न विचारले. मग नमुना पुढे ओढला, तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या, भिंग लावून फूल पाहिलं, कंद पाहिला.

"ही मधली चिठ्ठी तुमच्या विरुद्ध आहे. झाकायचा मोह नाही झाला?"

धाकटी म्हणाली, "झाला."

"मग?"

"मग उद्या माझ्या नावाच्या चिठ्ठ्या कोणी काढल्या असत्या."

बाईंनी नमुना उचलला, शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या आणि थोरल्या सरांसमोर ठेवला. "सर, तुमच्या समोर निकाल द्यायचा म्हणजे मला संकोच वाटतो. तुम्हीच बघा."

थोरल्या सरांनी काळा चष्मा काढला. भिंग घेतलं.

"तीन," ते म्हणाले. "तीनच आहेत."

"तुम्ही सहा मोजले होते?"

"मी मोजलेच नव्हते." ते सरळ बसले. "मोजता येत नव्हतं. आठ महिने झाले, सगळं धुक्यातून दिसायचं. परवा मोतीबिंदू काढला, तेव्हा कळलं किती दिसत नव्हतं ते. पानं बोटांना कळली आणि मला वाटलं, तेवढं पुरे." मग धाकटीकडे वळून म्हणाले, "पोरी, चूक माझी. झाड तुझंच."

"सर, आधी सांगायचंत तरी कोणाला," गाइडसर पुटपुटले.

"सांगितलं असतं तर मामानं कपाटं उघडणं बंद केलं असतं."

"नसतं केलं, साहेब," मामा म्हणाले. "वाचून दाखवलं असतं मी."

परीक्षकबाईंनी सही केली. पेनचा तो खर्र आवाज ऐकला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. गाइडसरांनी रक्तदाबाची गोळी घेतली. म्हणाले, आनंदाचीही घ्यावी लागते.

बाहेर जिन्यात धाकटीनं बगळ्याला गाठलं. "मी तुला चोर म्हटलं."

"म्हण गं, त्याचं काही नाही. पण तुझ्या त्या एवढ्याशा झाडानं माझी सतरा पानं खाल्ली, त्याचं काय?"

"मी बसते तुझ्याबरोबर. सोमवारपासून लिहू."

"मंगळवारपासून. सोमवारी मी रडणार आहे." दोघंही हसायला लागली, आणि हसता हसता ती पायरीवर बसलीच. "वहिनी," ती म्हणाली, "मला घरी ने."

घरी पोचल्यावर ती जेवली, दोन वेळचं एकदम, आणि भर दुपारी झोपली. बातमी आमच्याआधी पोचली होती. शेजारपाजारच्या बायका यायला लागल्या. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या आणि एकीलाही आत सोडेनात.

"पास झाली म्हणे तुमची सून?"

"झाली. जरा हळू बोला."

"पुढे काय करणार आता?"

"झोपणार," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत तरी. मग बघू."

मी चपला हातात घेऊन आत डोकावले. धाकटी पालथी झोपली होती, हातावर अजून शाई. तिची मुलगी तिच्या पाठीवर पाय टाकून झोपली होती. मी पडदा ओढला, दार लोटलं आणि सासूबाईंशेजारी दारात येऊन बसले.